झोपेत ऐकू आलेला तीन नंबरचा माग

गेल्या अंकात जुन्या ईईजी मशीनचा, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लाटा कागदावर काढणाऱ्या मशीनचा, एक किस्सा लिहिला होता. ज्यांच्याकडून तो अंक निसटला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मिरजेतल्या एका रुग्णालयात मी २९ वर्षं ईईजी काढले. सुरुवातीची मशीनं शाईच्या पेनांची. सोळा पेनं एका ओळीत, कागद सेकंदाला तीन सेंटिमीटर सरकायचा, म्हणजे अर्ध्या तासाला ५४ मीटर कागद. सुपात तांदूळ घोळवावेत तशी पेनांची एकसारखी खरखर. मी मशीनकडे पाठ करून रजिस्टर भरत बसायचे. एखाद्या पेनातली शाई वाळली किंवा पेशंटच्या लाटा बदलल्या, की मी स्टुलावरून उठलेली असायचे. का उठले ते उठल्यावर कळायचं. डॉक्टर विचारायचे, "पाठ होती ना तुमची, कसं कळलं?" मी म्हणायचे, "पेनं बोलली."

हे काही उत्तर नव्हे, असं बऱ्याच वाचकांनी कळवलंय. खरंच नव्हे. म्हणून या वेळची सगळी पत्रं कानाची.

आमचा आठ यंत्रमागांचा कारखाना घराला लागूनच आहे. सासरे पूर्वी जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे, होते, आता वय ७६. रात्रपाळी चालू असताना ते निवांत घोरतात. पण एखादा माग थांबला की उठून बसतात आणि हाक मारतात, "तीन नंबर थांबला बघ." कधी कधी कामगाराच्याही आधी त्यांना कळतं. एरवी कानाने कमी ऐकू येतं, टीव्ही मोठा लावावा लागतो. हे काय गौडबंगाल आहे?
— एक गृहिणी, इचलकरंजी

ताई, आधी मेंदूची गोष्ट, मग सासऱ्यांची.

फिनलंडमधल्या हेलसिंकीचे संशोधक रिस्टो नॅटनेन यांनी १९७८ मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर एक निबंध छापला. माणसाच्या दोन्ही कानांत आवाजांच्या दोन वेगळ्या माळा सोडायच्या. सांगायचं, या एका कानाकडेच लक्ष दे, दुसऱ्यात काय चाललंय ते सोडून दे. माळेत तोच तो आवाज, मधूनच एखादा किंचित वेगळा. लक्ष दिलेल्या कानातला वेगळा आवाज मेंदूने टिपला, त्यात नवल नाही. सोडून दिलेल्या कानातलाही टिपला. डोक्यावरच्या तारांवर एक छोटी ऋण लाट उमटली. बदल झाल्यावर साधारण १०० मिलिसेकंदांनी ती सुरू होते आणि १५०-२०० च्या आसपास शिगेला पोचते. तिचं नाव मिसमॅच निगेटिव्हिटी, एमएमएन. मी तिला विसंगतीची लाट म्हणते. पुढच्या प्रयोगांत तर लोकांच्या हातात पुस्तक द्यायचे किंवा समोर आवाज बंद करून सिनेमा लावायचे. माणूस वाचनात गुंग, आणि लाट आपली येतेच आहे.

आमच्याकडे एका डॉक्टरांना प्रबंधासाठी हा प्रयोग करायचा होता आणि संध्याकाळी सहानंतर डोकं द्यायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. कानात हेडफोन, हातात दिवाळी अंक. १००० हर्ट्झचा टूँ, टूँ, टूँ, मध्येच किंचित चढा, ११००चा. पाच मिनिटांनी मला आवाज ऐकू येईनासे झाले, कथेत होते मी. नंतर स्क्रीनवर पाहिलं तर माझ्या कपाळाच्या वर लाट बसलेली. मी कथा वाचत होते आणि माझ्याच डोक्यातलं कुणीतरी टूँ मोजत होतं. जरा राग आला, खरं सांगते.

हा मोजणारा राहतो कुठे? मुख्यतः दोन्ही कानांच्या वर, मेंदूच्या श्रवणभागात. कपाळामागचा भाग, त्यातही उजवा, त्याला साथ देतो.

आता कुणी म्हणेल, यात कसली हुशारी? तोच आवाज ऐकून त्या मज्जापेशी शिणतात, नवा आवाज आला की ताज्या पेशी जोरात बोलतात, झालं. हे अर्धं खरं आहे. २००३ मध्ये जेरुसलेमच्या संशोधकांनी मांजरांच्या श्रवणभागातल्या एकेका पेशीत हे दाखवलंही: नेहमीच्या स्वराला प्रतिसाद मंद, क्वचित येणाऱ्याला जोरदार. पण शिणण्याने सगळं उलगडत नाही. हेलसिंकीतल्याच एका प्रयोगात (१९९४) स्वर पायरी पायरीने खाली उतरत होते. आपल्या भाषेत अवरोह म्हणा. त्यात मध्येच एक स्वर खाली न जाता तसाच पुन्हा आला. सां, नी, ध, ध. दुसरा ध अगदी शिळा, आत्ताच ऐकलेला. पेशी शिणण्याचाच हिशेब असता तर त्याला सर्वांत थंड प्रतिसाद मिळायला हवा होता. लाट आली. म्हणजे मेंदूने "आता खाली जाणार" हा नियम धरून ठेवला होता आणि तो मोडला होता.

आणि एक, हे तुमच्या घरचंच. काहीच न वाजण्यालाही लाट येते! ठोके भराभर पडत असतील आणि त्यातला एक गाळला, तर त्या रिकाम्या जागेलाच मेंदू उत्तर देतो. अट एवढीच की दोन ठोक्यांतलं अंतर अगदी कमी हवं, साधारण १५० मिलिसेकंदांच्या आत. तुमचा एक माग मिनिटाला शंभर-सव्वाशेच्या वर खटके मारतो असं धरा. आठ माग मिळून सेकंदाला सोळा-सतरा खटके झाले, म्हणजे दोन खटक्यांत ६० मिलिसेकंदांच्या आसपास. बसलं की नाही अटीत? हा माझा कागदावरचा हिशेब आहे, प्रयोगशाळेतला नव्हे. पण इतक्या दाट विणलेल्या आवाजातून एक माग निघाला की भोक पडतं, आणि भोक दिसायला कापड दाट असावं लागतं, हे मी इचलकरंजीच्या माणसाला काय सांगावं.

राहिला झोपेचा प्रश्न. गाढ झोपेत ही विसंगतीची लाट बरीच दबते. पण रात्रभर झोप एकसारखी गाढ नसते, दर दीडेक तासाने ती वर येते. हलक्या झोपेचा ईईजी काढताना बाहेर कॉरिडॉरमध्ये वॉर्डबॉयच्या हातून ट्रे पडला, की आमच्या कागदावर सगळ्या पेनांनी मिळून एक मोठा डोंगर काढलेला असायचा. पेशंट हललेलाही नसायचा. त्या डोंगराला के-कॉम्प्लेक्स म्हणतात. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये झोपलेल्या लोकांना नावांची यादी ऐकवली गेली, तेव्हा परक्या नावांपेक्षा स्वतःच्या नावाला हे डोंगर जास्त उठले. तेव्हा झोपेतही काय आपलं, काय परकं याची चाळण चालू असते. जन्मभर जॉबरकी केलेल्या माणसाला थांबलेला माग म्हणजे नावाने मारलेली हाकच.

एक शंका मात्र मला आहे. ज्या रात्री माग थांबला आणि मामंजी घोरतच राहिले, त्या रात्री तुम्ही लिहून ठेवल्यात का? आपण उठलेल्या रात्रीच लक्षात ठेवतो. महिनाभर कॅलेंडरवर खुणा करा आणि कळवा.

कमी ऐकू येण्याचं कोडं त्यामानाने सोपं आहे. मागांच्या गोंगाटात वर्षं काढलेल्यांचे कान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास जातात. टीव्हीतले स, श, त, क हे बारीक आवाज तिथे हरवतात, म्हणून बोलणं ऐकू येतं पण कळत नाही. मागाचा जाड खटका खालच्या पट्टीतला, तो शाबूत. त्यांची श्रवणचाचणी करून घ्या, आणि रात्रपाळीच्या पोरांच्या कानात इअरप्लग घालायला लावा. ते नको म्हणतील. तुम्ही लावा.

ही लाट एवढीशी असते तर ती मोजतात कशी? आमच्या विज्ञानाच्या सरांनी "मशीन मोजतं" एवढंच सांगितलं.
— इयत्ता नववी, कराड

सर चुकले नाहीत, घाईत होते.

पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो, म्हणजे १५ लाख मायक्रोव्होल्ट. आपली विसंगतीची लाट दोन ते पाच मायक्रोव्होल्टची. तीन धर, सेलचा पाच लाखावा भाग झाला. आणि डोक्यात त्या वेळी बाकीचा जो गोंगाट चालू असतो तो २०-५० मायक्रोव्होल्टचा. एकदा आवाज देऊन काहीही दिसणार नाही.

तुझ्या घराजवळच्या चौकात उभा राहा आणि एकाच जागेवरून २०० फोटो काढ. सगळे एकमेकांवर ठेवून सरासरी काढली तर काय उरेल? गाड्या, माणसं, म्हशी प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी, त्या पुसट होऊन जातील. सिग्नलचा खांब प्रत्येक फोटोत तिथेच, तो ठसठशीत उरेल. आम्हीही तेच करतो. वेगळा आवाज शेकडो वेळा ऐकवायचा, दर वेळी त्याच्यानंतरचा अर्ध्या सेकंदाचा तुकडा कापायचा आणि सगळ्यांची सरासरी घ्यायची. गोंगाट वर्गमुळाच्या हिशेबाने उतरतो: १०० वेळा केलं तर दहाव्या भागावर, ४०० वेळा केलं तर विसाव्या. लाट ठरल्या वेळी येते, म्हणून ती उरते. शेवटी नेहमीच्या आवाजाची सरासरी त्यातून वजा करायची.

पण मशीनच्या आधी टेप लागते. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत मोजायचं. ३६ सेंटिमीटर भरलं तर नाकाकडून ३० टक्क्यांवर, म्हणजे १०.८ वर लाल ग्रीस पेन्सिलीने खूण. केस बाजूला करून त्वचा घासायची, पेस्ट लावायची, तार बसवायची. आदल्या दिवशी केस धुऊन या, तेल लावू नका, असं तीनतीनदा सांगितलं तरी लोक चापूनचोपून तेल लावून यायचे. दवाखान्यात जायचं म्हणजे नीटनेटकं नको का? त्या तेलाने मोजमापाचे जेवढे घोटाळे केले तेवढे विजेनेही केले नसतील.

रियाझ करताना मी सम मुद्दाम गाळली की तीन आठवड्यांची नात डोळे मोठे करते. बायको म्हणते, तुमचा भास. माझा दावा आहे की तिला ताल कळतो.
— तबलाशिक्षक, सातारा

गुरुजी, दाव्याला आधार आहे, पुरावा मात्र तुमच्या नातीचे डोळे नव्हेत. तीन आठवड्यांचं बाळ पोटात वारा धरला तरी डोळे मोठे करतं.

आधार असा. २००९ मध्ये बुडापेस्टच्या संशोधकांनी दोन-तीन दिवसांच्या १४ बाळांना झोपेत ड्रमचा ठेका ऐकवला. ठेक्यातला एखादा किरकोळ ठोका गाळला तर बाळांच्या मेंदूत फारसं काही घडलं नाही. पहिला, वजनाचा ठोका गाळला की लगेच प्रतिसाद उमटला. जन्माला येऊन तीन दिवस झालेल्या, झोपलेल्या बाळाला समेची वाट बघता येते. मोठ्यांच्या कित्येक मैफिलींत मला हे दिसलेलं नाही.

पण बाळ सुरुवात करतं आणि पुढचं तालीम करते. जर्मनीत १९९९ मध्ये व्यावसायिक व्हायोलिनवादक आणि संगीत न शिकलेले लोक यांना तीन-तीन स्वरांचे गुच्छ ऐकवले. बहुतेक शुद्ध, काहींतला मधला स्वर केसभर उतरलेला. सगळ्यांना वाचायला दिलं होतं. वादकांच्या मेंदूत विसंगतीची लाट आली, बाकीच्यांच्यात आली नाही. हे वाचलं तेव्हा मला आमच्या मिरजेतल्या सतारमेकर गल्लीची आठवण झाली. तिथे घोडी घासून तानपुऱ्याची जवारी काढणारा कारागीर गिऱ्हाइकाशी दराची घासाघीस करत असतो, आणि मागे पोरगा तार छेडत बसलेला असतो. बोलता बोलताच हा मान न वळवता म्हणतो, "घे अजून जरा." आपल्याला दोन्ही छेडी सारख्याच.

बायकोला सांगा, सामना बरोबरीत सुटला.

माझा धाकटा भाऊ अपघातानंतर १९ दिवस बेशुद्ध आहे. कानात आवाज सोडून एक तपासणी केली. रिपोर्टमध्ये लिहिलंय, "मिसमॅच निगेटिव्हिटी नाही." निगेटिव्ह नाही म्हणजे चांगलंच ना? डॉक्टर राउंडला घाईत असतात, विचारायची भीती वाटते.
— सोलापूर जिल्हा

या पत्राचं उत्तर अंकाची वाट न बघता मी लगेच पाठवलं होतं. इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून इथे देते.

दादा, इथे निगेटिव्ह म्हणजे वाईट नव्हे. रक्ताच्या रिपोर्टमधला निगेटिव्हही नव्हे. ती लाट विजेच्या ऋण बाजूला वळते म्हणून तिचं नाव तसं पडलं. तुमच्या भावाच्या तपासणीत ती दिसली नाही, असा रिपोर्टचा अर्थ. दिसली असती तर आपल्याला बरं वाटलं असतं.

पण दिसली नाही याचा अर्थ दार बंद झालं असा काढू नका. फ्रान्समध्ये लियोंच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये १२८ बेशुद्ध रुग्णांचा अभ्यास छापला. ज्यांच्यात लाट दिसली त्यांच्यातले बहुतेक शुद्धीवर आले, म्हणून ती दिसणं ही चांगली खूण. मात्र जे शुद्धीवर आले त्यांच्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांतच ती दिसली होती. बाकीचे लाट न दाखवताच जागे झाले. गुंगीची औषधं, कानाला लागलेला मार, आयसीयूतल्या पंप-मॉनिटरचा विजेचा गोंगाट, कशानेही ती लपू शकते.

आणि डॉक्टरांना विचारायला घाबरू नका. तीन प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या: तपासणीच्या वेळी गुंगीचं औषध चालू होतं का, कानापासून मेंदूपर्यंतचा रस्ता ठीक असल्याचं आधी पाहिलं होतं का, आणि तपासणी पुन्हा कधी करणार. चिठ्ठी हातात दिसली की घाईतला डॉक्टरही थांबतो, हे मी दाराआडून खूपदा पाहिलंय.

नातू न्यू जर्सीत जन्मला, पाच वर्षांचा आहे. 'बाळ'ला 'बाल' म्हणतो, 'फळ'ला 'फल'. मी व्हिडिओ कॉलवर दुरुस्त करते तर म्हणतो, "मी तेच तर म्हटलं!" मुलगा म्हणतो, आता उशीर झाला, सोड. सोडू का?
— एक आजी, ठाणे

सोडू नका. पण तो खोटं बोलत नाही हे आधी मान्य करा. त्याच्या कानाला खरोखरच फरक जाणवत नसेल.

फिनलंड आणि एस्टोनिया हे शेजारी, भाषाही सख्ख्या बहिणींसारख्या. एस्टोनियन भाषेत एक स्वर आहे, साधारण 'ओ' आणि 'अ' यांच्या मधे कुठेतरी, जो फिनिशमध्ये नाही. नॅटनेन यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवलं की त्या स्वराला एस्टोनियन माणसाच्या मेंदूत विसंगतीची लाट मोठी येते, फिनिश माणसाच्या मेंदूत छोटी. पुढच्याच वर्षी त्यांनी बाळं तपासली. सहा महिन्यांच्या फिनिश बाळाचा मेंदू अजून कुठल्याच भाषेचा झालेला नसतो, आवाजात जेवढा फरक तेवढीच लाट. वर्षाचं झालं की परक्या स्वराची लाट उतरलेली. पहिल्या वाढदिवसाच्या आतच कान घराघरांत वाटले जातात. तुमच्या नातवाच्या कानावर त्या वयात 'ळ' किती पडला असेल? इंग्रजीत तो नाहीच. पाळणाघरात दहा तास, घरी दोन, त्यातही आईबाप थकलेले.

पण मुलाला दुसरा निबंधही वाचायला सांगा. १९९९ मध्ये त्याच संशोधकांनी फिनलंडमध्ये राहून फिनिश उत्तम बोलू लागलेले हंगेरियन लोक तपासले. फिनिशमधला जो स्वरभेद इतर हंगेरियनांच्या मेंदूला टिपता येत नव्हता, तो यांच्या मेंदूला फिनिश माणसासारखाच टिपता येत होता. ती सगळी मोठी माणसं होती. तुमचा नातू पाचच वर्षांचा आहे.

तेव्हा दुरुस्त करणं थांबवा, ऐकवणं वाढवा. "असं नाही, असं म्हण" म्हटलं की पोर चिडतं. त्याऐवजी जोड्यांचा खेळ करा. एका हातात केळं धरा, दुसऱ्या हातात गुलाबाचं फूल. मनातल्या मनात एक निवडा, त्याची जोडी मोठ्याने म्हणा, 'केळं-केलं' किंवा 'गुलाब-गुळाब', आणि हातातल्या वस्तूचं नाव जोडीतलं पहिलं की दुसरं ते त्याला एक किंवा दोन बोटं दाखवून सांगू द्या. 'केळं-केलं-केळं-केळं' अशी माळ म्हणा आणि वेगळा आला की टाळी वाजवायला लावा. म्हणजे तुम्ही हेलसिंकीचाच प्रयोग करताय, फक्त डोक्याला तारा न लावता. 'काळा-काला', 'गोळा-गोला', 'कळ-कल' अशा जोड्या तुम्हाला शंभर सुचतील.

एकच सूचना. व्हिडिओ कॉलचा आवाज वाटेत दाबला जातो, शब्दाची बारीक टोकं कापली जातात. जून-जुलैत तो सुट्टीला येईल ना? तेव्हा त्याला जवळ बसवा, तुमची जीभ मागे वळून टाळूला लागते ती दिसू द्या. आणि त्या आठवड्यात त्याच्या डोक्याला तेल खुशाल चोळा, मी काही टेप घेऊन येत नाही.